शहर गेले, संघ उरला

रेणापूरच्या माणसाने फुटबॉलविषयी काय लिहावे, असे कुणी विचारले तर ते रास्तच होईल. आमच्या गावाला रेणुकादेवीची यात्रा ठाऊक, यात्रेतल्या कुस्त्या ठाऊक, शाळेच्या मैदानावरची कबड्डी ठाऊक. पुढे क्रिकेट आले आणि त्याने बाकी सगळे खेळ गिळले. पायाने खेळावयाचा चेंडू आम्ही प्रथम डोळे भरून पाहिला तो कोल्हापुरात. लातूरहून मिरजेपर्यंत त्या दिवसांत बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी जात असे. कुर्डुवाडी, पंढरपूर करीत ती रमतगमत मिरजेस पोहोचे आणि तेथून कोल्हापूरची गाडी धरावी लागे. ह्या शेवटच्या टप्प्यात, कोल्हापूर अगदी हाकेच्या अंतरावर आले असता, वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक लागते. गाडी तेथे क्षणभर थांबे. त्या नावाशी पोलंड देश जोडलेला आहे, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली.

आधी शाहू स्टेडियमवरचा तो पहिला सामना. आम्ही कुस्तीच्या फडाची गर्दी पाहिलेली होती. पण ही गर्दी निराळी होती. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ कुणा कंपनीचे वा कारखान्याचे नव्हेत, ते तालमींचे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही नावेच पाहावीत. शाहू महाराजांच्या काळात ज्या तालमींतून मल्ल घडले, त्याच तालमींनी पुढे लाल मातीबरोबर हिरवे मैदानही आपलेसे केले. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि ह्या खेळाला शिस्तीची चौकट मिळाली. तालमीचा संघ हरला की सबंध पेठेत त्या रात्री चूल उशिरा पेटते, असे आमचे घरमालक सांगत. ते हसून सांगत, पण त्यांचा स्वतःचा संघ हरला त्या दिवशी त्यांच्याशी बोलण्याची सोय नसे. ह्या निष्ठेला दुसरी बाजूही आहे, ती लपवू नये. पंचाचा एखादा निर्णय, एखादी शिवी, आणि गॅलरीतून दगड येतात, सामने थांबतात. अशा वेळी आमच्या मनात येई की, पेठेवरचे प्रेम आणि शेजारच्या पेठेचा द्वेष हे एकाच नाण्यात इतके घट्ट का ओतलेले असावे?

ह्याच कोल्हापूरच्या वेशीवर, वळिवडे येथे, १९४३ च्या मध्यापासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. संस्थानात तेव्हा अज्ञान राजाच्या नावाने राजप्रतिनिधींचा कारभार चालू होता. पंचगंगेच्या परिसरातील मोकळ्या माळावर कौलारू छपराच्या बराकींच्या रांगा उठल्या. शाळा झाल्या, दवाखाना झाला, चर्च झाले, बालवीरांची पथके झाली. वस्तीत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती. धडधाकट पुरुष जनरल आंडर्स यांच्या सैन्यात होते. १८ मे १९४४ रोजी इटलीतील मोंते कासिनोच्या मठावर ज्यांनी पोलिश निशाण लावले, त्या सैन्यात वळिवड्यातील कित्येकींचे पती, भाऊ आणि मुलगे होते. निर्वासित गेल्यावर बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि आज तेथे गांधीनगरची कापडाची मोठी बाजारपेठ आहे. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतील पोलिश कबरी तेवढ्या जागच्या जागी राहिल्या. शहरात महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. पोलंडच्या राजधानीतही कोल्हापूरचे स्मारक असून २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पांजली वाहिली.

ह्या इतिहासाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात आपल्या आतिथ्याची स्तुती पुष्कळ असते. ती खोटी नाही. परंतु आलेल्या पाहुण्यांचे घर कोठे होते, त्या घरात काय काय होते आणि त्यातले काय कायमचे गेले, हे विचारण्यास आपण सहसा थांबत नाही. गमावलेल्या वस्तूंच्या यादीत शेत, घर, गुरे ही नेहमीची नावे येतात. एका फुटबॉल संघाचे नाव त्या यादीत घालावे असे आम्हांस वाटते.

वळिवड्यास आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पोलंडच्या पूर्वेकडील प्रांतांतले होते. ह्या प्रांतांतले मोठे शहर म्हणजे ल्वूव. पोलिश लोक ल्वूव म्हणत, ऑस्ट्रियन राज्यकर्ते लेम्बर्ग म्हणत, युक्रेनियन ल्विव म्हणतात. एकाच शहराची तीन नावे असली की तेथे सुखाबरोबर दुःखाचीही तीन खाती उघडलेली असतात. १८९४ साली, म्हणजे कोल्हापुरात शाहू महाराज गादीवर आले त्याच वर्षी, ह्या शहरात मोठे प्रदर्शन भरले होते. १४ जुलै रोजी तेथे ल्वूव आणि क्राकूव ह्या दोन शहरांच्या व्यायामसंघांत फुटबॉलचा सामना झाला. सहाव्या मिनिटाला ल्वूवच्या व्होजिमिएश खोमित्स्की ह्या तरुणाने गोल केला आणि सामना तेथेच संपविण्यात आला, कारण मैदान कवायतीच्या कार्यक्रमासाठी हवे होते! पोलिश फुटबॉलचा जन्म असा सहा मिनिटांचा आहे. कवायतीपुढे फुटबॉलची मातब्बरी ती काय, असे संयोजकांस वाटले असावे.

दहा वर्षांनी, १९०४ मध्ये, शहरातील चौथ्या क्रमांकाच्या माध्यमिक शाळेत व्यायामशिक्षक एउगेनियुश पियासेत्स्की यांच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांचा एक संघ उभा राहिला. १९०७ पासून त्याचे नाव ‘पोगोन’ झाले. शब्दाचा अर्थ पाठलाग. धावत्या घोड्यावर तलवार उगारलेला स्वार हे जे जुने राजचिन्ह, त्याचेही हेच नाव. संघाचे रंग निळा आणि लाल. शाळकरी पोरांच्या ह्या संघाने पुढे १९२२, १९२३, १९२५ आणि १९२६ असे चार वेळा पोलंडचे अजिंक्यपद मिळविले. मधल्या १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमुळे राष्ट्रीय स्पर्धा झालीच नाही. १९२७ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हापासून १९३९ पर्यंत पोगोन वरच्या श्रेणीतून कधीच खाली गेला नाही. अजिंक्यपद मात्र पुन्हा हाती आले नाही, तीनदा दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

ह्या संघाचा प्राण म्हणजे वात्सवाव कुखार. कुखार घराण्यातील अनेक भाऊ पोगोनचेच. वात्सवाव फुटबॉल खेळे, बर्फावरची हॉकी खेळे, स्केटिंगच्या शर्यती जिंके, मैदानी स्पर्धांत धावे आणि उड्या मारी. १८ डिसेंबर १९२१ रोजी बुडापेस्ट येथे हंगेरीविरुद्ध पोलंडने आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला त्या संघात तो होता. पोलंडमधील एका क्रीडापत्राने १९२६ साली वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडण्याची प्रथा सुरू केली, तेव्हा पहिला मान त्यालाच मिळाला. आमच्याकडे एखाद्या मल्लाचे नाव निघाले की म्हातारी माणसे सावरून बसतात. कुखारच्या नावाने ल्वूवचे लोक तसेच सावरून बसत असले पाहिजेत.

मात्र पोगोन म्हणजे सबंध ल्वूव, असे म्हणता येणार नाही. शहरात ज्यू समाज मोठा होता आणि त्याचा ‘हास्मोनेआ’ हा संघ लीगच्या वरच्या श्रेणीत खेळला. युक्रेनियनांचा ‘उक्रायना’ नावाचा संघ होता. १९१८ च्या नोव्हेंबरात, ऑस्ट्रियाचे राज्य कोसळल्यावर, पोलिश आणि युक्रेनियन तरुण ह्याच शहराच्या गल्ल्यांतून परस्परांवर गोळ्या झाडीत होते. पोगोनचे खेळाडूही त्या लढाईत उतरले होते. पोलिश लोकांच्या आठवणीत तो विजय आहे, युक्रेनियनांच्या आठवणीत पराभव. मैदानावर दोन्ही बाजूंचे लोक वीस वर्षे शेजारी शेजारी बसले, हे काही थोडे नव्हे. गल्लीतील उनाड पण दिलदार पोरांना त्या शहरात ‘बत्यार’ म्हणत. त्यांची बोली सर्व भाषांची खिचडी होती. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीच्या कट्ट्यावर ती पोरे सहज खपली असती.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. लीगचा हंगाम अर्धवट राहिला तो राहिलाच. २२ सप्टेंबरला ल्वूव सोव्हिएत सैन्याच्या हाती गेले आणि नव्या सत्तेने जुने संघ मोडीत काढले. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत हद्दपारीची पहिली लाट आली. पूर्वेकडील प्रांतांत वसविलेले माजी सैनिक, वनरक्षक आणि त्यांची कुटुंबे मालगाड्यांत भरून सायबेरिया व उत्तर रशियाकडे रवाना झाली. त्यानंतर आणखी तीन लाटा आल्या. जुलै १९४१ च्या करारानंतर सुटका झाली तेव्हा ही माणसे दक्षिणेकडे निघाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आणि तेथून कराचीमार्गे काही हजार लोक आमच्या मुलखात आले. ल्वूवमध्ये जे राहिले त्यांत ज्यूंचा जर्मन अमलाखाली जवळजवळ संपूर्ण संहार झाला. ज्यांच्यासाठी ‘हास्मोनेआ’ खेळत असे, ती माणसेच उरली नाहीत. त्या संघाचा वारस कोण, हा प्रश्न विचारावयासही मागे कोणी राहिले नाही.

१९४५ नंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या. ल्वूव सोव्हिएत युक्रेनमध्ये गेले आणि पोलिश लोकांना गाडीत बसवून, पूर्वी जर्मनीच्या असलेल्या पश्चिमेकडील शहरांत नेण्यात आले. त्यांच्याबरोबर शहराचे तुकडेही गेले. ओसोलिनेउम हे ग्रंथालय व्रोत्सवाव शहरी गेले. १८९४ च्या त्याच प्रदर्शनासाठी रंगविलेले रात्सवावित्सेच्या लढाईचे प्रचंड वर्तुळाकार चित्रही तिकडेच गेले. ते पुन्हा लोकांस पाहावयास मिळण्यास १९८५ साल उजाडावे लागले. ग्रंथ आणि चित्र पेट्यांत घालता येतात. संघ कशात घालणार?

तो माणसांत घालून गेला. सायलेशियातील कोळशाच्या पट्ट्यात बितोम नावाचे शहर आहे. १९२० साली तेथील पोलिश अल्पसंख्याकांनी ‘पोलोनिया’ हा संघ काढला होता. १९४५ मध्ये ल्वूवच्या आगगाड्या तेथे रित्या झाल्या आणि पोगोनच्या माणसांनी पोलोनियाला पुन्हा उभे केले. पोगोनचा नामांकित आघाडीचा खेळाडू मिखाव मात्यास तेथे खेळला. संघाने रंग घेतले ते निळा आणि लाल. १९५४ आणि १९६२ साली पोलोनिया बितोम पोलंडची अजिंक्य ठरली. साम्यवादी राजवटीत ल्वूवविषयी मोकळेपणाने बोलण्याची मुभा नव्हती. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. शनिवार-रविवारी गॅलरीत बसून निळ्या-लाल रंगाकडे पाहण्यास मात्र कोणाची परवानगी लागत नसे. ह्याच ल्वूवच्या मातीत वाढलेला काझिमिएश गुर्स्की हा पुढे पोलंडच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. त्याच्या संघाने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक आणि १९७४ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळविला.

आम्हा लातूर जिल्ह्यातील लोकांना ही हकिगत परकी वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी आमच्या घरांच्या भिंतीही हलल्या, पण आम्ही वाचलो. किल्लारीच्या बाजूची माणसे गणपतीचे विसर्जन करून नुकती निजली होती. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील बावन्न गावे पुढे मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसविण्यात आली. नावे जुनीच राहिली. नव्या गावांचे रस्ते सरळ आणि रुंद, घरे एकसारखी, आणि गल्ली मात्र नाही. जुन्या गावात ज्याचे दार ज्याच्या दारासमोर होते, तो आता चार ओळी पलीकडे. अशा एका नव्या गावात एका वृद्धांनी आम्हांस त्यांच्या भजनी मंडळाविषयी सांगितले होते. टाळ ढिगाऱ्याखाली गेले, पखवाज गेला, म्हणणारी निम्मी माणसे गेली. उरलेले पहिल्या एकादशीला पत्र्याच्या शेडात जमले आणि बसताना ज्याने त्याने आपली जुनी जागा धरली. मधल्या जागा रिकाम्या सोडल्या. बितोमच्या मैदानावर १९४५ साली पहिल्यांदा जमलेले ल्वूवकर कसे बसले असतील, याचा विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे ते शेड येते.

२००९ साली ल्विव शहरात उरलेल्या थोड्या पोलिश मंडळींनी पोगोन पुन्हा सुरू केला. हा संघ स्थानिक पातळीवरच्या स्पर्धांत उतरला आणि आसपासच्या युक्रेनियन संघांशी खेळू लागला. प्रतिस्पर्धी आता ज्यांच्याशी १९१८ साली आजोबा लढले त्यांचे नातू आहेत, आणि २४ फेब्रुवारी २०२२ पासून त्या देशावर रशियन क्षेपणास्त्रे पडू लागल्यावर निर्वासितांच्या गाड्या पुन्हा एकदा पश्चिमेकडे, पोलंडकडे, निघाल्या. ह्या वेळी त्या गाड्यांत युक्रेनियन स्त्रिया आणि मुले होती. पुरुष मागे राहिले होते, वळिवड्याच्या वेळी राहिले होते तसेच.

मागे आम्ही पुन्हा कोल्हापूरला गेलो तेव्हा दुपारी दफनभूमीत जाऊन पोलिश कबरी पाहिल्या. दगडावरची नावे आम्हांस नीट वाचता येईनात. संध्याकाळी शाहू स्टेडियमवर सामना होता. आमचे जुने घरमालक आता नाहीत. त्यांचा मुलगा त्यांच्याच पायरीवर बसला होता, आणि त्याचा संघ एका गोलने मागे होता, म्हणून आम्ही त्याच्याशी बोललो नाही.