स्पिटफायरवर नाव कोणाचे?

आजचा धागा एका खेळण्यापासून सुरू होतो आणि तो थोडा लांब आहे. यंदाच्या उन्हाळ्यात भोकरदनला घरी असताना मावसभावाबरोबर मी स्पिटफायरची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध ब्रिटिश लढाऊ विमानाची, रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बांधली. बाल्साच्या पट्ट्या कापणे-घासणे माझ्याकडे. मोटर, सर्वो, रिसीव्हर त्याच्याकडे. रंगकामाच्या दिवशी त्याने विचारले, "ताई, अंगावर अक्षरे कोणती काढायची?"

त्या काळी प्रत्येक स्क्वाड्रनची दोन अक्षरांची खूण विमानाच्या अंगावर रंगवलेली असे. मी म्हटले, "यूएम." ही खूण १५२व्या स्क्वाड्रनची. १९४०च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जी हवाई लढाई झाली, तीत ही तुकडी दक्षिण किनाऱ्यावरील वॉर्मवेल येथून स्पिटफायर उडवत होती. तिचे पूर्ण नाव १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन.

यातले हैदराबाद म्हणजे आपणच. जालना जिल्हा १९८१चा. १९४० साली भोकरदन हा निजामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता.

निजामाने ब्रिटिशांना विमाने देण्याची ही पहिली वेळ नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ११०व्या स्क्वाड्रनच्या डीएच नऊ-ए जातीच्या बॉम्बफेकी विमानांचा खर्च सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने दिला होता आणि त्या विमानांवर तसा लेखही रंगवला होता. त्यांतले एक विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागले. बर्लिनच्या संग्रहालयातून ते पोलंडला गेले आणि शेवटी इंग्लंडला परतले. आज ते तिथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ या आणखी दोन तुकड्यांना हैदराबादचे नाव मिळाले. १५२च्या मानचिन्हात चक्क निजामाचे शिरोभूषण आहे आणि ब्रीदाचा अर्थ आहे 'विश्वासू मित्र'. या मैत्रीचा जुना पुरावा आमच्या शिवारापासून दूर नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा नदीकाठी असईच्या लढाईत वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा निजाम इंग्रजांच्या बाजूला होता.

आता हिशेब. १९४०च्या देणगी मोहिमेत एका स्पिटफायरची किंमत पाच हजार पौंड धरली जाई. खरा खर्च याहून अधिक होता. लोकांना उत्साह वाटावा म्हणून गोल आकडा ठरवलेला. जो तेवढे पैसे देई, त्याच्या पसंतीचे नाव विमानाच्या अंगावर पिवळ्या अक्षरांत रंगवत. रुपयाला दीड शिलिंग या तेव्हाच्या दराने पाच हजार पौंडांचे साधारण ६६,६६७ कलदार रुपये होतात. हैदराबादचा स्वतःचा हाली सिक्का होता; सहा कलदारांना सात हाली. म्हणजे एका विमानाला सुमारे ७७,७७८ हाली रुपये.

हे पैसे कोणाचे? 'निजामाचे' हे उत्तर अर्धवट आहे. जमीनमहसूल आणि अबकारी हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे आधार होते. रक्कम सरकारी खजिन्यातून गेली असो की 'सर्फ-ए-खास' या निजामाच्या खासगी मुलखाच्या उत्पन्नातून, ती निघाली रानातूनच. हा मुलूख राज्याच्या साधारण एक दशांश होता. तिथेही कसणारा शेतकरीच होता. त्याला कोणी विचारले नाही. विचारणार तरी कुठे? स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये घातलेली बंदी १९४६ पर्यंत उठली नाही. युरोपातील हुकूमशाहीविरुद्ध विमाने उडत होती आणि त्यांचा भार वाहणाऱ्या राज्यात लोकांच्या संघटनेला बंदी होती. नाझींचा पराभव व्हायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. तरीही या दोन गोष्टी शेजारी मांडल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

पुन्हा कार्यशाळेत, म्हणजे आमच्या ओसरीवर. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर; एक-अष्टमांश प्रमाणात १.४० मीटर. लांबी आठपट घटली की पंखांचे क्षेत्रफळ चौसष्टपट घटते आणि आकारमान ५१२ पट. त्यामुळे साधारण २,७०० किलोचे विमान हिशेबाने पाच किलोंच्या पुढे जाते; आमचे दीड किलोच्या आसपास भरले, म्हणूनच ते हळू उडू शकते. अडचण नाकाची. मूळ विमानाच्या नाकात सहाशे किलोंहून जड मर्लिन इंजिन होते. आमची विजेची मोटर मुठीत मावते. परिणामी शेपूट जड. बॅटरी पुढे सरकवूनही भागेना, तेव्हा नाकात शिसे भरले आणि गुरुत्वमध्य जागेवर आला. चाके लावलीच नाहीत. मूळ विमानाचीही चाके इतकी जवळ-जवळ होती की जमिनीवर ते डगमगे, आणि इथे तर ढेकळे. (१५२वी तुकडी पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली, तेव्हा तिच्या विमानांवर झेप घेणारा काळा चित्ता असे. मावसभावाला तोच हवा होता. पण ते स्पिटफायर पुढच्या बनावटीचे, म्हणून मी नकार दिला. त्याने दोन दिवस अबोला धरला.)

उरली ती दात्याच्या नावाची जागा. निजामाचे नाव लिहायला माझा हात धजेना आणि रिकामी ठेवणेही पटेना. तेव्हा सांची आठवली. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाने दगडासाठी पैसे दिले आणि तिथे त्याच्या गावाचे नाव कोरले गेले. ७७,७७८ हाली रुपयांमागे उभ्या असलेल्या लोकांची नावे मात्र माझ्याजवळ नाहीत.

आम्ही पिवळ्या रंगात ब्राह्मी लिपीत 'भोगवढन' लिहिले. हवाई दलाच्या नियमात बसणार नाही, पण विमान आमचे आहे.

कपाशीचे रान मोकळे होते. भल्या सकाळी, वारा पडलेला असताना, मी विमान हाताने सोडले. ते डावीकडे कलले, सावरले आणि बांधावरच्या लिंबावरून वळले. चार मिनिटांनी पोटावर उतरताना पुढचा पंखा मोडला. नवा मागवला आहे.