चहाची पुडी आणि लोकरीची शाल

मेंढी, लोकर आणि विणणारे हात यांची गोष्ट आपल्याकडे निघाली की धनगरवाडा आठवतो, घोंगडी आठवते. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट मात्र फार लांबची आहे. स्कॉटलंडच्याही वर, उत्तरेच्या समुद्रात शेटलँड नावाची बेटं आहेत. लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास, पण माणसं राहतात ती थोड्याच बेटांवर. वारा असा की झाड उभं राहात नाही. हिवाळ्यात दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास, आणि उन्हाळ्यात मध्यरात्रीही पुरता अंधार होत नाही.

ही बेटं आधी नॉर्वेकडे होती. 1469 साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं आपली मुलगी स्कॉटलंडच्या राजाला दिली. हुंड्याची रोकड जमली नाही म्हणून त्यानं ही बेटं 8,000 फ्लोरिनांना गहाण टाकली. ती काही सुटली नाहीत. बायकांच्या कष्टावर तगलेली बेटं हुंड्यापायी गहाण पडली होती, हे वाचून आम्हीसुद्धा थोडा वेळ गप्प बसलो.

तिथलं शेत म्हणजे काही एकरांचा तुकडा. त्यात जव, ओट आणि बटाटे. घरात एखाददुसरी गाय. मेंढ्या मात्र डोंगरावरच्या गायरानात, सगळ्या गावच्या एकत्र. आपली मेंढी ओळखायला कानावर खूण. जमीन जमीनदाराची, कसणारा कूळ. खंड द्यायचा आणि शिवाय पुरुषांनी धरलेली मासळी जमीनदाराला किंवा त्यानं नेमलेल्या व्यापाऱ्यालाच घालायची, अशी पुष्कळ ठिकाणी सक्ती. दुसऱ्याला मासळी विकली तर जमिनीवरून उठवण्याची भीती. पुरुष सहा वल्ह्यांच्या उघड्या होडीतून खोल समुद्रात जात. कुणी ग्रीनलंडकडे देवमाशांच्या शिकारीवर, कुणी व्यापारी जहाजावर खलाशी. गेलेले सगळे परत येत नसत. 1881 च्या जुलैमध्ये एका रात्रीच्या वादळात ग्लूप नावाच्या खाडीतल्या आणि तिच्या आसपासच्या 10 होड्या बुडाल्या, 58 माणसं गेली. अशा बेटांवर बायका पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त होत्या यात नवल नाही. विधवा, लग्न न झालेल्या, नवरा वर्षभर समुद्रावर असलेल्या. नांगराला बैल नसले की चारपाच जणी एका ओळीत उभ्या राहून फावड्यानं शेत उलटं करत.

आता मेंढीकडे येऊ. शेटलँडची मेंढी अंगानं लहान, पण लोकर अतिशय मऊ. ती कात्रीनं कातरायचीही गरज पडत नसे. उन्हाळा लागला की जुनी लोकर आपोआप सैल होते. तेव्हा मेंढीला आडवी करून बायका ती हातानंच उपटून घेत. मेंढीला दुखत नाही आणि कापलेलं टोक नसल्यामुळं धागा अंगाला टोचत नाही. एका मेंढीची लोकर किलो-दीड किलो. मानेजवळची सर्वांत बारीक, ती शालीसाठी वेगळी काढायची. बाकीची मोज्यांना, अंगातल्या बनियनांना.

रंग तर मेंढीच्या अंगावरच तयार. पांढरा, काळा, करडा, तांबूस तपकिरी. एकेका छटेला वेगळं नाव. तांबूस तपकिरीला ते ‘मूरिट’ म्हणतात. अंग फिकं आणि पोट काळं असेल तर ‘कॅटमोगेट’. गर्द करड्याला ‘शेला’ म्हणतात. आपल्याकडे शेला खांद्यावर असतो, त्यांच्याकडे मेंढीच्या पाठीवर.

लोकर निवडायची, माशाच्या तेलाचा हात लावून पिंजायची, मग छोट्या उभ्या चरख्यावर सूत कातायचं. दिवा तोही माशाच्या तेलाचा. सर्वांत उत्तर टोकाच्या अन्स्ट बेटावरच्या बायका इतकं बारीक सूत काढत की त्याची सहा फूट लांब, सहा फूट रुंद शाल बोटातल्या अंगठीतून आरपार जाई. वजन पाहाल तर आपल्या मूठभर शेंगदाण्यांइतकं. विणून झाली की धुवायची, गंधकाची धुरी देऊन पांढरी करायची आणि लाकडी चौकटीवर ताणून वाळवायची. हे शेवटचं काम करणाऱ्या बायका वेगळ्या असत, लर्विक गावात त्यांचा तो धंदाच होता.

आणि विणकाम कधी? याचं उत्तर जुन्या फोटोंत दिसतं. पाठीवर गवताचं विणलेलं मोठं डालगं, त्यात डोंगरावरून आणलेलं जळण. हे जळण म्हणजे दलदलीतली काळी माती, तिथं तिला पीट म्हणतात. विटांसारखी कापून, वाळवून चुलीत घालतात. पाठीवर एवढं ओझं, पायाखाली दगडगोटे, आणि दोन्ही हात विणतायत. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यात घोड्याचे केस भरलेली एक उशी, उशीला भोकं. एका सुईचं टोक त्या भोकात रोवलं की सुईचा भार हातावर येत नाही. चालता चालता टाके पडतात, मान खाली घालावी लागत नाही. बाईला जाता-येता रिकामा वेळ असतो हे त्या बेटांना मान्यच नव्हतं. आपल्याकडे डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर असतं, तेव्हा या फोटोंची आपल्याला फार ओळख करून द्यायला नको.

मोजे विणणं तिथलं जुनंच. सोळाशेच्या शतकात हॉलंडचे कोळी मासेमारीला येत, तेव्हा बायका त्यांना मोजे देऊन बदल्यात सामान घेत. बारीक जाळीदार विणकामाचा बोलबाला झाला तो एकोणिसाव्या शतकात. आर्थर अँडरसन नावाचा लर्विकचा गरिबाघरचा मुलगा पुढं लंडनला जाऊन आगबोटींच्या मोठ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला. तीच पी. अँड ओ. कंपनी, जिच्या बोटी नंतर मुंबईच्या बंदराला लागत. त्यानं 1837 मध्ये राणी व्हिक्टोरियाला शेटलँडच्या बारीक लोकरीचे मोजे भेट दिले. राणीनं वापरलं म्हटल्यावर लंडनच्या बायकांना हवंच झालं. शाली, चेहऱ्यावरच्या जाळ्या, मोजे. लर्विकचे व्यापारी माल गोळा करून दक्षिणेला पाठवू लागले.

इथून पुढचा भाग आम्हाला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भाव चढला, मागणी वाढली, पण विणणारीच्या हातात पैसा आला नाही. तिला मिळायचा चहा.

व्यवहार असा होता. बाई शाल घेऊन दुकानात जाई. दुकानदार किंमत सांगे. ती किंमत तिच्या नावावर वहीत जमा होई, आणि तेवढ्या रकमेचं सामान त्याच दुकानातून उचलायचं. सामान म्हणजे मुख्यतः कापड आणि चहा. वही दुकानदाराची, लिहिणारा दुकानदार. बाईकडे स्वतःचं खातेपुस्तक क्वचितच असे. लगेच सामान नको असेल तर एक चिठ्ठी मिळे, तिला ‘लाइन’ म्हणत. ती चिठ्ठी परत त्याच दुकानात वटायची. रोख मागितली तर नकार, किंवा फार गयावया केल्यावर एखादा शिलिंग. लोकर स्वतःच्या मेंढीची आणि सूत स्वतःच्या हातचं असलं तर बाईला थोडं तरी बोलता येई, चार दुकानं फिरता येत. दुकानदाराचंच सूत आणून विणलं तर तीही सोय नाही.

पण कापड खाता येत नाही. घरात पीठ हवं, बटाटे हवेत, लर्विकमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारीला दर महिन्याला रोख भाडं हवं. मग ती चहाची पुडी घेऊन खेड्यात जाई आणि शेतकरणीला देऊन पीठ आणी. कुणी शेतात कामाला मदत केली तर त्यालाही चहा. रोख फारच अडली तर दुकानातून घेतलेलं सामान घेतल्या भावापेक्षा कमीला विकायचं. म्हणजे एकाच शालीवर ती दोनदा बुडे. तेव्हाचे लोक नावं ठेवत, या पोरींच्या अंगावर चांगले कपडे आणि पोटात अन्न नाही! मजुरी कापडात मिळत असेल तर दुसरं काय होणार?

ही सगळी माहिती आपल्यापर्यंत कशी आली, तर सरकारी चौकशीतून. मजुरी पैशाऐवजी वस्तूंत देण्याच्या पद्धतीला इंग्रजीत ‘ट्रक’ म्हणतात. मालमोटारीशी त्याचा काही संबंध नाही. गिरण्या-खाणींतल्या मजुरांसाठी अशी मजुरी बंद करणारा कायदा 1831 लाच झाला होता. पण शेटलँडचा दुकानदार म्हणे, ही माझी मजूर नाहीच. तिनं माल आणला, मी घेतला, सौदा झाला. घरी बसून काम करणारी बाई कुणाची कामगार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आपल्यात विड्या वळणाऱ्या आणि शिलाईचे गठ्ठे घरी आणणाऱ्या ज्या मैत्रिणी आहेत त्यांना तो पाठ असेल.

1872 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, विल्यम गथ्री नावाचे वकील सरकारच्या वतीनं लर्विकला आले आणि साक्षी घेऊ लागले. कोळी आले, व्यापारी आले, आणि विणणाऱ्या बायकाही आल्या. ज्या दुकानावर आपलं पोट, त्याच दुकानाविषयी उघड्या कचेरीत बोलायचं होतं. तरी त्या बोलल्या. काय विणलं, किती दिवस लागले, वहीत किती धरलं, रोख मागितली तेव्हा काय उत्तर मिळालं. हजारो प्रश्नोत्तरं जशीच्या तशी छापली गेली. गरीब बायकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत कागदावर राहावं, असं इतिहासात फार थोड्या वेळा झालं आहे.

व्यापाऱ्यांची बाजूही त्यात आहे, ती सांगायला हवी. त्यांचं म्हणणं, दक्षिणेकडून पैसे उशिरा येतात, कधी माल पडून राहतो. विणकामावर आम्हाला फारसं सुटतच नाही, सुटतं ते सामानावर. रोख द्यायची तर शालीचा भाव कमी करावा लागेल. यात खोटं नव्हतं. पण त्याचा अर्थ असा की वहीत लिहिलेली किंमत खरी किंमत नव्हतीच. दहा लिहायचे आणि आठाचा माल द्यायचा, हे बायकांना हिशेब न शिकताही कळत होतं.

चौकशी झाली म्हणून लगेच काही बदललं नाही. मध्ये आणखी एक अडचण वाढत होती. जमीनदारांना मोठ्या मेंढपाळीत फायदा दिसू लागला. त्यांनी काही ठिकाणी कुळं उठवली, गायरानांना कुंपणं घातली आणि तिथं बाहेरच्या मोठ्या जातीच्या मेंढ्या सोडल्या. वायझडेलच्या खोऱ्यातली घरं अशीच ओस पडली. म्हणजे बेटावर मेंढ्या वाढल्या, आणि कातणाऱ्या बाईला स्वतःच्या मेंढीची मऊ लोकर मिळणं अवघड झालं. गायरान गेलं की आधी कुणाची जनावरं उपाशी राहतात, ते आपण जाणतो.

1886 मध्ये कूळकायदा आला. खंड वेळेवर भरणाऱ्या कुळाला उठवता येणार नाही, खंड किती हे जमीनदार एकटा ठरवणार नाही. तुकडा लहानच राहिला, पण भीती गेली. आणि 1887 मध्ये मजुरीचा कायदा दुरुस्त झाला. त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की जी व्यक्ती घरी बसून, फार तर घरच्या माणसांची मदत घेऊन, पाच पौंडांच्या आतली लोकरीची वस्तू विणते, तिला कामगारच धरायचं आणि वस्तू घेणाऱ्या दुकानदाराला मालक. तिचं मोल पैशातच द्यायचं. साक्षी दिल्यापासून हे व्हायला 15 वर्षं गेली.

कायदा झाला आणि दुकानदारानं काउंटरवर पैसे ठेवले, असं मात्र झालं नाही. उधारी मागची असे, वही तीच असे, दुसरं दुकान चार कोस लांब. सामानाच्या बदल्यात विणकाम ही चाल विसाव्या शतकातही रेंगाळली. मधल्या काळात माल बदलला. जाळीदार शालींची हौस ओसरली आणि फेअर आइल बेटाचे रंगीत नक्षीचे स्वेटर पुढं आले. इंग्लंडच्या युवराजानं 1920 नंतर गोल्फ खेळताना तो स्वेटर घातला आणि पुन्हा एकदा मागणीची लाट आली. यंत्रावरचं सूत आलं तशी हातानं कातणं मागं पडलं, बारीक शालीपुरतं उरलं.

दुसऱ्या महायुद्धात बेटांवर हजारो सैनिक येऊन राहिले. थंडीनं काकडलेली परकी पोरं, हातात पगार, आणि जवळपास सगळ्या घरांत विणणारी बाई. ते सरळ दारात येत, मोजे, हातमोजे, स्वेटर मागत, आणि तिथंच पैसे मोजून देत. मध्ये दुकान नाही, वही नाही. पुष्कळ म्हाताऱ्या बायकांच्या हातात आपल्या विणकामाची रोख रक्कम अशी पहिल्यांदा पडली.