कुणालाही धूसर न करणारा दिग्दर्शक

झाँ रेन्वार हा विख्यात चित्रकार ओग्युस्त रेन्वारचा मुलगा. बापाने जे कुंचल्याने केले तेच मुलाने कॅमेऱ्याने केले, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते फारसे पटत नाही. बापाच्या चित्रांतली माणसे बहुधा उन्हात निवांत असतात. मुलाच्या ‘खेळाचा नियम’ या १९३९ सालच्या फ्रेंच बोलपटात कोणी क्षणभर स्वस्थ उभे राहील तर शपथ!

सोलोन्य प्रांतातल्या एका उमरावाच्या हवेलीत पाहुणे शिकारीसाठी जमतात. रात्री निजायला जाताना लांबलचक बोळात त्यांची कोण गडबड! दारे उघडतात, मिटतात, थट्टामस्करी चालते. आणि पुढचा चेहरा जितका रेखीव तितकाच पार मागचाही. त्या काळी नायिकेचा मुखडा जवळून दाखवावा आणि बाकीचे जग धूसर करून टाकावे, अशी दिग्दर्शकांची सर्रास रीत. रेन्वार कुणालाच धूसर करीत नाही. मालकांची लफडी आणि नोकरांच्या भानगडी एकाच घरात, पुष्कळदा एकाच चौकटीत चालू असतात, आणि कॅमेरा त्यांच्यामागून हिंडत राहतो.

शिकारीत मात्र तो ही चाल सोडतो. हाकारे झाडांवर काठ्या आपटीत पुढे सरकतात, ससे सैरावैरा धावतात, दृश्ये पटापट तुटू लागतात. गोळी लागलेला एक ससा शेवटचा थरथरतो. पुढे अखेरीस एक वैमानिक भलत्याच गैरसमजाने गोळीला बळी पडतो, तेव्हा मला आधी आठवला तो ससा.

जुलै १९३९ मध्ये पॅरिसला हा चित्रपट झळकला आणि प्रेक्षक खवळले. राग नेमका कुणाचा करायचा हे तो सांगत नव्हता, म्हणूनच ते अधिक चिडले असावेत. रेन्वारने घाईघाईने कात्री लावली. उपयोग झाला नाही. सप्टेंबरात युद्ध पेटले, आणि ऑक्टोबरात जनतेचे मनोधैर्य खचविणारा म्हणून सरकारने त्यावर बंदी घातली. १९४२ साली दोस्त राष्ट्रांच्या बाँबहल्ल्यात मूळ निगेटिव्हच नष्ट झाली.

युद्धामुळे अमेरिकेत गेलेला रेन्वार १९४९ साली ‘द रिव्हर’साठी कलकत्त्यास आला. जागा शोधताना त्याच्याबरोबर जाहिरातींची चित्रे काढणारा एक तरुण हिंडत असे. तो सत्यजित राय.

तिकडे फ्रान्समध्ये गाबोरी आणि द्युराँ या दोघा चित्रपटवेड्यांनी जागोजागचे डबे जमवून तुकड्याला तुकडा जोडला. १९५९ साली व्हेनिसच्या महोत्सवात १०६ मिनिटांचा ‘खेळाचा नियम’ पुन्हा पडद्यावर आला. रेन्वारच्या म्हणण्याप्रमाणे एक लहानसा प्रसंग तेवढा हाती लागला नाही.