मामा तलावांचा देह

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंतच्या धानपट्ट्यात तलाव सहसा एकटा नसतो. जंगलाच्या उतारावरचं पाणी आधी बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, तिच्या सांडव्यातून तलावात, मोरीतून धानाच्या बांध्यांत आणि उरलंसुरलं खालच्या गावाच्या तलावात उतरतं. तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत चांद्याच्या गोंड राजवटीत होती. त्या देणगीला तुकूम म्हणत. बांधकामात कोहळी समाजाचा हात नावाजलेला. या साखळीला सजीव म्हणावंसं वाटतं ते तिथल्या मासे-कमळांमुळे नव्हे, तिच्या डागडुजीमुळे. १९३०च्या दशकात जीवरसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ शोनहायमरने समस्थानिकं वापरून दाखवलं की शरीराचे घटक सतत मोडतात आणि नव्याने घडतात. टिकतो तो आकार, द्रव्य नव्हे. तलावाच्या मातीच्या पाळीचं, म्हणजे बांधाचंही तसंच आहे. पाऊस ती झिजवतो, खेकडे पोखरतात, गाळ तळ उथळ करतो. उन्हाळ्यात गाळ काढून, पाळीवर माती चढवूनच पुढचा पावसाळा निभतो.

यावर आक्षेप असा की शरीर स्वतःला सांधतं, तलावाला माणूस लागतो. पण मग त्या माणसाला रचनेबाहेर का धरायचं? खालच्या बांधीत रोवणी करणाऱ्याचं पोट वरच्या पाळीवर अवलंबून होतं. वरची फुटली की लोंढा खालच्या पाळीवर येणार, हे दोन्ही गावांना ठाऊक असे. धोक्याची खबर आणि दुरुस्तीचे हात एकमेकांजवळ होते. १९५१मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी संपली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ झाले. हस्तांतर झालं ते पाळीचं आणि पाण्याचं; डागडुजीची साखळी कागदावर कुठेच नव्हती, मग ती हस्तांतरित तरी कशी होणार?

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: ती डागडुजी बऱ्याचदा वेठीची होती. खरंच आहे, आणि मालगुजार गेला ते योग्यच झालं. पण वेठ हा श्रम मिळवण्याचा एक मार्ग होता, श्रमाची गरज नव्हे. वेठ गेली तरी गाळ साचायचा थांबला नाही. आता कित्येक वर्षांनी एकदा यंत्र उतरतं, काठाचा उथळ उतारही खरवडतं. पाणवनस्पती रुजतात आणि मासे अंडी घालतात ते नेमके त्याच उतारावर. साठा वाढतो, पण मासेमार ढिवरांच्या जाळ्यात काय येईल, याचा हिशेब अंदाजपत्रकात नसतो.