विज्ञान व तंत्रज्ञानाचे संयुक्त निर्देशांक

देशाची विज्ञान व तंत्रज्ञान क्षेत्रातील कामगिरी दर्शवणारे अनेक निर्देशक एकत्र करून काढलेल्या एका संख्येस संयुक्त निर्देशांक म्हणतात. संशोधनावरील खर्च, पेटंट, निर्यात, विज्ञानशिक्षण इत्यादींची एकके भिन्न असल्याने त्यांची थेट बेरीज करता येत नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि युरोपीय आयोगाचे संयुक्त संशोधन केंद्र यांनी २००८ मध्ये अशा निर्देशांकांच्या रचनेविषयी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली.

रचनेचे टप्पे

प्रथम मोजावयाची संकल्पना निश्चित करून तिला अनुरूप निर्देशक निवडतात व आकडेवारीतील उणिवा अंदाजाने भरून काढतात. त्यानंतर निर्देशक समान मापावर आणले जातात. किमान-कमाल पद्धतीत देशाच्या मूल्यातून किमान मूल्य वजा करून बाकीला कमाल व किमान मूल्यांतील फरकाने भागतात; त्यामुळे प्रत्येक निर्देशक ० ते १ या मर्यादेत येतो. शेवटी निर्देशकांना भार देऊन सरासरी काढतात. हे भार समान असू शकतात किंवा तज्ज्ञांच्या मताने अथवा सांख्यिकीय तंत्राने ठरवले जातात.

सरासरीच्या प्रकारानुसार निष्कर्ष बदलतो. ०.९ आणि ०.१ या गुणांचा अंकगणिती मध्य ०.५, तर भूमितीय मध्य ०.३ येतो. पहिल्यात एका क्षेत्रातील उणीव दुसऱ्यातील आघाडीने भरून निघते. दुसऱ्यात ती पूर्णपणे झाकली जात नाही.

उदाहरण

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या २००१ च्या मानव विकास अहवालात तंत्रज्ञान उपलब्धी निर्देशांक मांडण्यात आला. तंत्रज्ञानाची निर्मिती, नव्या शोधांचा प्रसार, जुन्या शोधांचा प्रसार आणि मानवी कौशल्ये या चार घटकांसाठी प्रत्येकी दोन निर्देशक घेऊन सर्वांना समान भार देण्यात आला. दूरध्वनी व वीजवापर यांचे लॉगरिदम घेण्यात आले, कारण विशिष्ट पातळीनंतर त्यांतील वाढीचे महत्त्व घटते. ७२ देशांच्या या यादीत फिनलंड प्रथम, तर भारत ६३व्या स्थानी होता.

मर्यादा

राष्ट्रीय सरासरीत देशांतर्गत विषमता दिसत नाही. बंगळूर हे जागतिक दर्जाचे तंत्रज्ञान केंद्र असूनही भारताचा क्रमांक खालचा होता, कारण निर्देशांकात संपूर्ण देशातील शिक्षण, वीज व दूरध्वनी यांचा प्रसारही मोजला गेला होता. शिवाय भार किंवा सरासरीची पद्धत बदलल्यास क्रमवारी बदलू शकते. त्यामुळे असे बदल करून निष्कर्ष कितपत टिकतात हे तपासले जाते. यास संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. धोरणनिर्मितीसाठी केवळ क्रमांकापेक्षा मूळ निर्देशकांचा अभ्यास अधिक उपयुक्त ठरतो.