नंदीबैल, निम आणि वाशू

नंदीबैल पाहिला नाही असा माणूस आमच्या पिढीत नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) सापडायचा नाही. बैलाच्या अंगावर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, आणि वाद्यावर काठी घासून काढलेला तो गुबुगुबु आवाज. "यंदा पाऊस पडेल का?" नंदी मान डोलावणार. पाथर्डी-शेवगावकडच्या दुष्काळी गावांत हा प्रश्न गमतीचा नव्हता. बायका सुपातून धान्य आणायच्या. पण बैलाला पावसाचं खरंच कळतं असं मानणारे थोडेच असावेत, कारण न समजता होकार देणाऱ्याला आपण नंदीबैलच म्हणतो! दोरीचा हलका हिसका, मालकाच्या आवाजातला चढउतार, एवढ्यावर तो मान हलवतो, आणि नंदीवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं.

बर्लिनच्या फॉन ओस्टेनना मात्र ते ठाऊक नव्हतं. त्यांचा हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. १९०७ साली ओस्कार फुंग्स्ट यांनी दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकतो. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा तिथेच थांबायचा. फसवणूक कुठेच नव्हती. वर्गावर उभं राहिलेल्या कोणालाही हे पटेल. मुलं फळ्याकडे कमी आणि गुरुजींच्या चेहऱ्याकडे जास्त पाहतात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे चिंपांझींना भाषा शिकवण्याचे प्रयोग. अमेरिकेत हेज दांपत्याने व्हिकी नावाच्या चिंपांझीला बोलायला शिकवलं, तर महत्प्रयासाने चारच शब्द आले. तिचा घसा त्यासाठी घडलेलाच नव्हता. मग १९६६ मध्ये नेवाडातल्या गार्डनर दांपत्याने बहिऱ्यांची खुणांची भाषा निवडली. वाशू नावाच्या पिलासमोर मोठी माणसं तोंडाने बोलायचीच नाहीत, फक्त हातांनी. चार वर्षांत ती सव्वाशेहून अधिक खुणा शिकली. हंस पाहून तिने 'पाणी' आणि 'पक्षी' या खुणा केल्या, तेव्हा मोठी खळबळ उडाली.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हर्बर्ट टेरेस यांनी १९७३ मध्ये निम नावाचं पिल्लू आणलं. भाषा फक्त माणसाचीच असं मानणाऱ्या नोम चॉम्स्की यांच्या नावाची थट्टा म्हणून निम चिम्प्स्की! तोही सुमारे १२५ खुणा शिकला. त्याचं सर्वांत लांब 'वाक्य' १६ खुणांचं होतं, आणि त्यात संत्रं द्या, मला द्या, यापलीकडे काही नव्हतं. चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहताना टेरेस यांच्या ध्यानात आलं की निम बहुतेक वेळा शिक्षकाने नुकतीच केलेली खूणच परत करतो. लहान मुलाची वाक्यं महिन्यागणिक लांबतात, निमची लांबली नाहीत. १९७९ मध्ये त्यांनी हे छापून टाकलं. स्वतः मांडलेला डाव असा जाहीरपणे मोडायला धैर्य लागतं.

वाशूच्या बाजूचे लोक म्हणाले, सतत बदलणारे शिक्षक आणि कोंदट खोली, त्यात कोण शिकणार? मला हा आक्षेप रास्त वाटतो. शिवाय १९७९ मध्ये वाशूकडे लुलिस नावाचं पिल्लू दत्तक दिलं. पुढची पाच वर्षं त्याच्यासमोर माणसांनी फक्त सात खुणा वापरल्या, तरी तो वाशूकडून डझनावारी खुणा उचलत गेला. व्याकरण नसेल, पण ही नंदीबैलाची मान नव्हे.

नंदीवाल्याचं सगळं घर बैलावर चालतं, त्यामुळे तो त्याला सहसा सोडत नाही. निमचं तसं नव्हतं. १९७७ मध्ये प्रयोग थांबला आणि त्याला ओक्लाहोमातल्या पिंजऱ्यांत परत धाडलं. तिथून तो न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेत विकला गेला, काविळीच्या लसीच्या चाचण्यांसाठी. लोकांनी ओरड केली, तेव्हा टेक्ससमधल्या एका प्राणी-आश्रयस्थानाने त्याला विकत घेतलं. तिथे १० मार्च २००० रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, तो गेला. संत्र्याची खूण करणारे ते हात तिथे समजणारी माणसं फार थोडी होती.