हृदयशस्त्रक्रियेतील रक्तस्राव आणि रक्तस्रावरोधक औषधांचा इतिहास

एखादे औषध गुणकारी आहे, असे विधान वैद्यकाच्या इतिहासात वारंवार आढळते. परंतु तो गुण कोणता व तो कशाने मोजला, हे विचारल्यावाचून त्या विधानाचा अर्थ निश्चित होत नाही. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रश्नाचे मूळ हृदय-फुप्फुस यंत्रात आहे. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी या यंत्राच्या साह्याने उघड्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली व एक नवे युग सुरू झाले. शरीराबाहेरच्या नळ्यांतून फिरणारे रक्त साकळू नये म्हणून रोग्यास हेपॅरिन द्यावे लागते. शस्त्रक्रिया संपताच प्रोटामीन देऊन त्याचा प्रभाव नाहीसा करतात. तथापि रक्तस्राव तेवढ्याने थांबतोच असे नाही. परक्या पृष्ठभागाच्या स्पर्शाने रक्तातील प्लेटलेट दुर्बळ होतात आणि रक्त साकळविणारी द्रव्ये खर्ची पडतात. शिवाय फायब्रिनच्या तंतूंनी जी गुठळी बांधली जाते, ती विरघळविणारे प्लाझ्मिन हे द्रव्यही अकाली जागृत होते. म्हणजे एका बाजूने बांध घातला जात असता दुसऱ्या बाजूने तो फुटत असतो. पुढील औषधांचे कार्य हा बांध राखण्याचे आहे.

त्यांपैकी ॲप्रोटिनिन हे गुरांच्या अवयवांतून मिळणारे प्रथिन होय. जर्मनीत १९३० मध्ये क्राउट, फ्राय व व्हेर्ले यांनी त्याचा प्रथम निर्देश केला. १९३६ मध्ये अमेरिकेत कुनित्झ व नॉर्थ्रॉप यांनी गुरांच्या स्वादुपिंडातून ते स्वतंत्रपणे वेगळे केले. ‘ट्रॅसिलॉल’ या नावाने ते प्रथम स्वादुपिंडाच्या दाहावर वापरात आले. हृदयशस्त्रक्रियेत त्याचा विचार झाला तोही यंत्रामुळे होणारी फुप्फुसांची हानी टाळण्यासाठी. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मोठी मात्रा देताना रक्तस्राव विलक्षण घटल्याचे दिसून आले. रॉयस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदयावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झालेल्या २२ रोग्यांपैकी औषध मिळालेल्यांचा सरासरी रक्तस्राव २८६ मिलिलिटर, तर इतरांचा १५०९ मिलिलिटर होता. इतके स्पष्ट अंतर पाहिल्यावर शंकेस जागा उरली नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतही औषधास मान्यता मिळाली.

दुसरा प्रवाह जपानमधील आहे. शोसुके व उताको ओकामोतो या दांपत्याने प्रसूतीनंतरचा प्राणघातक रक्तस्राव थांबविण्याच्या हेतूने संशोधन आरंभिले. लायसिन या अमिनो आम्लाशी साम्य असणाऱ्या द्रव्यांचा शोध घेत ते प्रथम एप्सिलॉन-अमिनोकॅप्रोइक आम्लापर्यंत व १९६२ मध्ये त्याहून कित्येक पटींनी प्रभावी अशा ट्रॅनेक्झॅमिक आम्लापर्यंत पोचले. ॲप्रोटिनिन प्रत्यक्ष प्लाझ्मिनला निष्प्रभ करते. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल प्लाझ्मिनच्या पूर्वरूपास तंतूंवर चिकटूच देत नाही. हे दुसरे औषध स्वस्त होते, परंतु त्याची कीर्ती मर्यादित राहिली.

जानेवारी २००६ मध्ये मँगानो व सहकाऱ्यांनी ४३७४ रोग्यांच्या निरीक्षणावरून ॲप्रोटिनिनचा संबंध मूत्रपिंडांच्या विकाराशी जोडला. यावर आक्षेप आला तो असा की, औषध कोणास द्यावयाचे हे येथे चिठ्ठ्यांनी ठरले नव्हते. अधिक धोक्याच्या रोग्यांनाच ते दिले गेले असणे शक्य होते. आक्षेप रास्त होता. म्हणून कॅनडातील ‘बार्ट’ या चाचणीचे महत्त्व. तीत अधिक धोक्याच्या २३३१ रोग्यांची तीन औषधांत यदृच्छेने वाटणी झाली होती. प्रचंड रक्तस्रावाचे प्रमाण ॲप्रोटिनिन गटात ९.५ टक्के, तर उरलेल्या दोन्ही गटांत १२.१ टक्के होते. परंतु तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे ६.० टक्के, ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गटात ३.९ टक्के व अमिनोकॅप्रोइक आम्लाच्या गटात ४.० टक्के आढळले. चाचणी ऑक्टोबर २००७ मध्ये थांबविण्यात आली आणि नोव्हेंबरमध्ये औषधाची विक्री स्थगित झाली.

येथे निवाडा संपला, असे मात्र नव्हे. या चाचणीच्या पद्धतीतही दोष दाखविले गेले, व २०१२ मध्ये युरोपीय औषध संस्थेने मर्यादित उपयोगापुरती स्थगिती उठविण्याची शिफारस केली. दुसऱ्या औषधाचीही तितकीच कसून परीक्षा झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६३१ रोग्यांच्या चाचणीत, रक्तस्रावामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण ट्रॅनेक्झॅमिक आम्लाने २.८ वरून १.४ टक्क्यांवर आले. मृत्यू व रक्त साकळण्याचे अपाय वाढले नाहीत. झटके येण्याचे प्रमाण मात्र ०.१ वरून ०.७ टक्के झाले.

या इतिहासाचा निष्कर्ष एकाच औषधापुरता नाही. १९८७ ची मोजणी खोटी नव्हती. बाटलीत जमणारे रक्त डोळ्यांना दिसते, एका दिवसात मोजता येते व त्यासाठी २२ रोगी पुरतात. तीस दिवसांनी कोण जिवंत आहे हे कळण्यास मात्र हजारो रोगी लागतात. सोपे माप हाती असल्यामुळे त्यालाच हेतूचे स्थान मिळाले आणि अवघड प्रश्न वीस वर्षे मागे राहिला. ‘रक्तस्राव कमी झाला’ आणि ‘रोगी वाचला’ ही दोन विधाने जवळची खरी. पण ती समानार्थी नव्हेत.